घुबडखेड रोड

दुर्बिणीतून देवकामावशी उलटी दिसली. डोकं खाली, पाय वर, आणि त्यांच्याही वर तिच्या दमणीची दोन चाकं आभाळाला टेकून फिरत होती. बैल तर छताला चिकटलेल्या पालीसारखे चालले होते.

मी तेव्हा चौथीत होते. मोजणीला आलेल्या बारलिंगे साहेबांनी मला उचलून त्या तीन पायांच्या यंत्रावर डोळा लावू दिला, तो मी दोन दिवस त्यांच्या खुंट्यांची पिशवी सांभाळली म्हणून. सर्व्हेच्या त्या जुन्या दुर्बिणींतून सगळं उलटंच दिसायचं. ही बातमी गावात पोचल्यापासून साहेबांनी दुर्बीण जिकडे वळवावी, तिकडच्या बाया लुगडी घट्ट धरून मटकन खाली बसत. एकटी माझी आई बसली नाही. ती साहेबांचा डबा घेऊन माळावर आली होती. तिनं डोक्यावरची दुरडी खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "कोन येऊन राह्यलं? पाहू द्या मले."

आईनं एक डोळा मिटला, दुसरा काचेला लावला. मग तो काढीचना. साहेबांना वाटलं, हिला दिसत नसावं. ते पुढे होऊन स्क्रू फिरवू लागले, तर आईनं त्यांचा हात बाजूला केला.

"राहू द्या. चांगली दिसते."

मग तिनं विचारलं, की हे असंच राहतं, का पुढे कधी सरळ होतं? साहेब म्हणाले, आमचं काम आकड्यांशी, सरळ-उलट्यानं फरक पडत नाही. "मंग असंच ठेवा," आई म्हणाली आणि पुन्हा डोळा लावला.

देवकामावशी आईची थोरली बहीण. आई तिला अक्का म्हणायची. दोघी एका मांडवात उजवल्या. अक्काला नाल्यापलीकडचं पिंपळगाव मिळालं, पाटलाचं घर मिळालं, पुढे शाळा, पोस्ट आणि शिलाई मशीनही मिळालं. आईला माझे बाबा मिळाले आणि घुबडखेड मिळालं. बाबांबद्दल आईची तक्रार नव्हती. ते दिसायला बरे होते आणि कमी बोलायचे. तक्रार गावाबद्दल होती, आणि तीसुद्धा गावाच्या नावाबद्दल. मावशीच्या घरी लग्नकार्य निघालं की पत्रिकेत सगळ्या पाहुण्यांची गावं छापली जात. आमच्यापुढे नुसतं 'नाल्याअलीकडचे' असं यायचं. "काय करू वं अनसे," मावशी म्हणायची, "पत्रिकेत पह्यले गनपती, खाली घुबड. बरं दिसते का?"

माझंही आईच्या पावलावर पाऊल होतं. मावशीची बेबी माझ्याच वयाची. तिला लेसचा झगा, मला त्याच कापडाच्या उरलेल्या तुकड्याचं पोलकं. मावशी ते प्रेमानं मशीनवर शिवून पाठवायची. प्रेमानं पाठवलेली वस्तू परत करता येत नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा जाच.

अशात रेल्वे निघाली. म्हणजे निघायची होती. जिल्ह्याच्या गावापासून खालच्या जिनिंगच्या बाजारपेठेपर्यंत लाइन टाकायची ठरली आणि आमच्या बाजूला एकच स्टेशन मिळणार असं कळलं. ते नाल्याच्या कोणत्या बाजूला, एवढाच प्रश्न होता. तो साहेबांच्या दुर्बिणीत आणि दोन बहिणींच्या चुलीवर एकाच वेळी सोडवला जात होता.

साहेबांचा तंबू आमच्या माळावर, म्हणून डबा आईचा. मग मावशीनं दमणी जुंपून रोडगे पाठवायला सुरुवात केली. आईनं पातोडीची भाजी केली, तर पलीकडून पुरण आलं. आईनं भाजीत तेल वाढवलं, पलीकडून तूप वाढलं. साहेब मुळात पोटाचे नाजूक. चौथ्या दिवशी त्यांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, की डोंगरातून लाइन काढता येते, नदीवरून काढता येते, पण या दोन बायांच्या मधून काढणं कठीण आहे, मला नुसता भात पाठवा.

शेवटी साहेबांनी आमच्या शेताच्या बांधावर एक घडवलेला दगड रोवला. त्यावर छिन्नीनं बाण कोरला होता, आणि शेजारी लाल-पांढऱ्या कापडाची झंडी. लाइनचा मध्य इथून जाणार, ते म्हणाले. पुढे सपाट माळ आहे, स्टेशनाला जागा झकास. दिवाळीनंतर आम्ही पक्क्या मोजणीला येऊ, तोवर दगड जागचा हलता कामा नये. हलला तर सगळी मोजणी पुन्हा, आणि ती मग कुठून होईल ते वरचे ठरवतील.

साहेब गेले. दुसऱ्याच दिवशी आई मला घेऊन पिंपळगावला निघाली. बोलावणं नसताना अक्काच्या घरी जाण्याची तिची ही पहिली वेळ. मावशी मशीनवर बसली होती. आईनं उभ्याउभ्याच सांगितलं. मावशीचा पाय क्षणभर थांबला, मग मशीन पुन्हा सुरू झालं.

"बरं झालं वं. आता तुह्या गावाचं नाव टिकिटावर छापतीन. लोकं टिकीट मांगाले लाजतीन, पन ते जाऊ दे."

काका, म्हणजे मावशीचे यजमान, झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. ते सहज बोलल्यासारखं बोलले, "दगडाचं काय मोठं? आज हाय, उद्या नाई."

ते वाक्य आईनं घरी आणलं. ते तिच्याबरोबर भाकरी थापायला बसलं, निंदायला गेलं. साहेबांनी माळावर ठोकलेल्या लाकडी खुंट्या एकेक करून नाहीशा व्हायला लागल्या, तेव्हा तर तिची खात्रीच झाली. खरं म्हणजे त्या खुंट्या आमच्याच गावचा गुणा धनगर शेळ्या बांधायला नेत होता. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि आईलाही माहीत होतं. पण मत्सराला पुराव्याचं वावडं असतं. आई विळा घेऊन बांधावर बसू लागली. गवत कापायचं निमित्त होतं. त्या बांधावर गवत असं फार नव्हतंच.

एका भर दुपारी, गाव जेवून आडवं झालेलं असताना, तिनं मला हाक मारली. पदराखाली वाटी होती. वाटीत तेलात कालवलेला शेंदूर. माझ्या हातात नारळ आणि कडुनिंबाचा डहाळा दिला. बांधावर गेल्यावर ती दगडापुढे बसली आणि चार बोटांनी शेंदूर माखू लागली. साहेबांचा बाण पहिल्याच हाताला बुजला. मग तिनं कमरेच्या पिशवीतून दोन कवड्या काढून दाबून बसवल्या. दगड आमच्याकडे पाहू लागला.

मी म्हटलं, "आई, हा तं साहेबाचा दगड हाय."

"दगड उपटाले मानूस भेत नाई," आई म्हणाली, "देव उपटाले भेते. अक्काचा नवरा किती मोठा पाटील असंन, पन शेंदराले हात लावाची त्याच्या बापाची टाप नाई."

"आन् साहेब आले म्हंजे?"

"घासलेटनं पुसून टाकीन. शिशी भरून ठेवली हाय." मग तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "कोनाले बोलजो नको."

मी बोलले नाही. बोलायची गरजही पडली नाही. तिसऱ्या का चौथ्या दिवशी गुणा धनगराची हरवलेली शेळी त्या बांधावर डहाळा खाताना सापडली. कडुनिंब आईनंच ठेवला होता, आणि शेळ्या पाला खातात ही काही देवाची करणी नव्हे. पण गुणानं नारळ फोडला. झंडीपाशी निघालेली देवी, म्हणून तिचं नाव पडलं झंडीमाय. पुढच्या शुक्रवारी बायका आल्या. त्याच्या पुढच्या शुक्रवारी कासार बांगड्या घेऊन आला. देवी जागृत आहे हे कासार येईपर्यंत नक्की होत नाही.

सगळ्यात जास्त आनंद बाबांना झाला. आयुष्यभर कमी बोललेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, की आपल्या बांधावर माय निघाली, स्वयंभू आहे, डोळे घेऊनच निघाली. त्यांनी हातानं दगड रचून ओटा बांधला, वर टिनाचं छप्पर घातलं. जागा आमची म्हणून पहिली ओटी भरायचा मान आईचा. ती दर शुक्रवारी स्वतःच्या बोटांच्या ठशांपुढे खण-नारळ ठेवायची आणि डोळे मिटायची. काय मागत असेल, देव जाणे. म्हणजे तो तर जाणतच नव्हता.

एकदा तिनं घासलेटची शिशी बाहेर काढली. उन्हं कलती होती. मीही मागून गेले. ओट्यावर एक परगावची बाई तान्हं लेकरू पुढ्यात घेऊन झोपली होती. लेकराच्या मुठीत देवीपुढच्या कुंकवाची पुडी होती. आई थोडा वेळ उभी राहिली आणि आम्ही परत आलो. त्या दिवशी कंदिलात घासलेट भरताना तिनं ती सगळी शिशी त्यात ओतली.

दिवाळीच्या तोंडावर बेबीला ताप आला. मुदतीचा ताप. डॉक्टर येऊन गेले, काका शहरातून औषधं घेऊन आले, ताप हटेना. आई दोनदा जाऊन बसली, बेबीच्या कपाळावर पट्ट्या ठेवून आली. घरी आल्यावर म्हणाली, "पोरगी वाळून गेली वं." तेव्हा तिच्या बोलण्यात अक्का, झगे, रेल्वे काहीच नव्हतं.

मग एके सकाळी नाल्याच्या वाटेनं मावशी येताना दिसली. दमणी नव्हती. पायात वहाणा नव्हत्या. देवकामावशी अनवाणी चालते हे मी तेव्हाच पाहिलं. ती आमच्या घरी न वळता सरळ ओट्यावर गेली. पदरातून बेबीचा लेसचा झगा काढला, देवीपुढे पसरला आणि ओठातल्या ओठात काहीतरी बोलत राहिली. आई मागे उभी होती. हाताच्या अंतरावर तिची बहीण तिच्याच शेंदरापुढे कपाळ घासत होती.

आईनं काय करायला हवं होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिनं केलं ते एवढंच. मावशी उठल्यावर तिचे पाय धुवायला पाणी आणून दिलं.

"काय मांगतलं?" तिनं विचारलं.

"नवस सांगाचा नसते," मावशी म्हणाली.

बेबीचा ताप उतरला. मुदतीचा ताप मुदत संपली की उतरतो, असं डॉक्टर पुढे म्हणाले. पण त्यांचं ऐकायला कोणी थांबलं नव्हतं. सगळे झंडीमायच्या ओट्यावर होते.

आणि त्याच आठवड्यात बारलिंगे साहेब आले.

दुर्बीण, साखळी, गडी असा सगळा सरंजाम घेऊन ते माळावर उतरले आणि कागद बघत बघत बांधापर्यंत चालत आले. पुढे टिनाचं छप्पर. छपराखाली ओटा, घंटा, ओट्यापुढे बायकांची रांग, कडेला बांगड्यांची माळ. साहेबांनी कागद फिरवून पाहिला.

"इथं माझा दगड होता."

बाबा पुढे झाले. "दगड नाई साहेब. माय हाय."

"माय कधी आली?"

"ते इथंच व्हती. आता निघाली."

साहेब ओट्याजवळ वाकले. शेंदराच्या थरांखालून दगडाचा चौकोनी खांदा अजून कळत होता. स्वयंभू देवाला इतके सरळ काटकोन नसतात, हे त्यांच्याइतकं तिथं कुणाला ठाऊक असणार? ते सावकाश उभे राहिले आणि रांगेवरून नजर फिरवून त्यांनी विचारलं, "खरं सांगा. हिची स्थापना केली कोणी? त्यानं पुढे येऊन हा आमचा दगड आहे असं म्हटलं, तर मी आजच्या आज लाइन इथून नेतो. नाहीतर देवस्थान फोडून रूळ टाकायची मला परवानगी नाही."

आई रांगेत तिसरी होती. हातात ताट. मी तिच्या पदराशी. एक शब्द बोलली असती तर स्टेशन घुबडखेडला आलं असतं. पण समोर बाबा उभे होते, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यांदा बोलायला लागलेले. रांगेत सगळ्यात पुढे मावशी होती आणि तिच्या कडेवर बेबी, काटकीसारखी, दोन्ही हातांनी नारळ धरून. बेबीनं मला जीभ काढून दाखवली. म्हणजे ती बरी झाली होती.

आईच्या ताटातला दिवा हलला. तिनं त्याला पदराचा आडोसा धरला.

साहेबांनी आणखी थोडी वाट पाहिली. मग टोपी काढून देवीला नमस्कार केला, आणि गड्यांना म्हणाले, नाल्यापलीकडे चला.

अशी रेल्वे पिंपळगावला गेली. मावशीकडून पेढे आले. आईनं ते सगळ्या आळीत वाटले, तोंडात एकही घातला नाही, आणि घरातली होती नव्हती तेवढी भांडी राखेनं घासून काढली.

रूळ पडायला, पूल व्हायला वर्षं गेली. मी सातवी झाले, पुढे शिकायला तालुक्याला गेले. त्या काळात आईनं नाल्यापलीकडे बघणं सोडलं होतं. गाडीची शिटी आली की ती काहीतरी आपटायची. मग एक दिवस बाबा बाजारातून आले आणि दारातूनच म्हणाले, की स्टेशनावर पाटी लागली आहे. पिवळी. तिच्यावर काळ्या अक्षरात लिहिलं आहे, घुबडखेड रोड.

आईला वाटलं, ते थट्टा करताहेत. बाबांनी आयुष्यात थट्टा केली नव्हती. ती तशीच पीठभरल्या हातानं निघाली.

कारण कोणी म्हणे, पिंपळगाव नावाची स्टेशनं आधीच पुष्कळ आहेत, रेल्वेला तेच नाव पुन्हा चालत नाही. घुबडखेड मात्र साऱ्या मुलखात एकच. असलं नाव दुसरं कोण ठेवणार? आईला कारणात रस नव्हता. तिला वाचता येत नव्हतं, पण ती सात अक्षरं तिनं माझ्याकडून गिरवून घेतली. मग दर बाजाराच्या दिवशी ती वाट वाकडी करून स्टेशनावर जायची, पाटीपुढे उभी राहून बोटानं हवेत अक्षरं लावायची, आणि मग मावशीच्या दारावरून जाताना हाक द्यायची, "काऊन वं अक्का, बरी हाय ना? तुह्या दारात माह्यं गाव आलं म्हनते."

मावशी मान खाली घालायची. मशीन चालवायची. आईच्या आयुष्यातली ती सुखाची वर्षं. अंगानं भरली, आवाज मोठा झाला. आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला ती गाडी नसली तरी स्टेशनावर पोचवायला जायची.

मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी मी अमरावतीला निघाले, त्या दिवशी आई साहजिकच दोन तास आधी घेऊन गेली. मावशीही आली. बेबी बाळंतपणाला माहेरी आलेली, तीही लेकरू घेऊन आली. गाडीचा पत्ता नव्हता. आम्ही चौघी त्या पिवळ्या पाटीखालच्या बाकावर बसलो. आईनं एकदा वर पाहिलं, एकदा मावशीकडे.

"वाच वं सुलोचने," ती मला म्हणाली, "तुह्या मावशीले चष्मा लागला. तिले दिसत नसंन."

मी वाचलं नाही. मावशी रुळांकडे बघत होती.

"दिसते मले," मावशी म्हणाली. "ते नाव मीच लिवाले लावलं."

आई हसली. मग थांबली.

मावशीनं सावकाश सांगितलं. रेल्वेचे लोक नाव विचारायला आले, तेव्हा काकांनी 'पिंपळगाव पाटील' असं सुचवलं होतं. ते साहेबांना पसंत होतं, कागदही तयार झाला होता. मावशीनं तो काकांना फाडायला लावला. तीन दिवस चूल पेटवली नाही तेव्हा काका वळले.

"बेबी गेलीच व्हती वं अनसे. मी झंडीमायले बोलली, पोरगी राह्यली तं माह्यं जे मोठं असंन ते तुह्या गावाच्या नावानं करीन. तवा काय ठाव व्हतं टेसनच येईन म्हनून." तिनं पदरानं चष्मा पुसला. "तू इतके वर्सं दारावरून बोलून जाय. मी म्हटलं, बोलू दे. नवसाचं बोलाचं नसते. पन आता तुही पोरगी चालली, कधी भेटंन, कधी नाई."

आईचा चेहरा मी पाहत होते. तिचं आयुष्यातलं एकच जिंकलेलं, आणि तेसुद्धा अक्कानं शिवून पाठवलं होतं. मोठ्या कापडाचा तुकडा. परत करता येत नाही असा.

मग तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. ते मला एकटीलाच कळलं. तिच्याजवळ अजून एक होतं. ही देवी कोण, तिला डोळे कुणी लावले, आणि हे स्टेशन मुळात कुणाच्या वाटीतल्या शेंदरानं पिंपळगावला आलं. एका वाक्यात अक्काचा नवस, तिचा त्याग, तिचं सगळं मोठेपण त्या फलाटावर पालथं पडलं असतं. डोकं खाली, पाय वर.

आईनं तोंड उघडलं.

बेबीचं लेकरू तेवढ्यात रडलं. बेबीनं त्याला खांद्यावर घेतलं. त्याच्या कपाळावर शेंदराचं बोट होतं, ताजं, निघताना लावलेलं. आईनं त्या बोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय म्हनत व्हती?" मावशीनं विचारलं.

"काई नाई," आई म्हणाली. "गाडी लेट हाय तुह्या टेसनावरची."

"मले नको सांगू," मावशी म्हणाली. "टेसन तुह्या गावाचं हाय."

गाडी आली. मी खिडकीशी बसले. फलाट मागे सरकू लागला, तेव्हा मावशी आणि बेबी हात हलवत होत्या. आई माझ्याकडे बघतच नव्हती. ती मान एका खांद्यावर पार वाकडी करून शेजारी उभ्या असलेल्या बहिणीकडे पाहत होती, आणि कोणत्या बाजूनं पाहिलं म्हणजे ती सरळ दिसते, ते काही तिचं ठरत नव्हतं.